वाफ

झेचेंगच्या रस्त्यांवर सध्या मिरच्या वाळत पडल्यात,
अर्धा रस्ता लाल,
उरलेल्या अर्ध्यातून रात्रपाळीच्या स्कूटर.

आई बावीस वर्षं प्रेसवर होती.
सहा बाजूंनी सहा ऐरणी, मधे मऊ दगडाचा ठोकळा,
त्याच्या पोटात पेन्सिलीतलं शिसं, लोखंडाचा कीस
आणि तिळाएवढं बी. तेही हिऱ्याचंच.
कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणतात.
इथं कोणी उगाळत नाही. दाबतात.
दहा दिवस, दहा रात्री,
मधेच वीज गेली तर मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार.
मग ठोकळा फोडायचा, आम्लात शिजवायचा,
तळाशी उरतो पिवळसर, कोपरे असलेला एक खडा,
ज्याला लग्नघरातल्या बायका हलक्या आवाजात
खोटा म्हणतात.

आई चिडायची.
“यंत्रात उबवलेलं पिल्लू
कोंबडी नसतं का गं?”

मी तपासणीच्या खोलीत बसते, तिसऱ्या मजल्यावर.
सुई टेकवली की उष्णता खड्यातून पळत सुटते, हिरवा दिवा लागतो.
खड्डा खणून काढलेला असो की आईच्या प्रेसमधला,
सुईला वयाशी देणंघेणं नाही.
ते बघायला वेगळं मशीन आहे, पडद्याआड:
निळा दिवा विझवला तरी आईचे हिरे
थोडा वेळ उजळत राहतात,
झोप न लागलेल्या पोरांसारखे.
एखादा तर लोहचुंबकाकडे सरकतो,
पोटात राहिलेल्या लोखंडाच्या ओढीनं.
एवढाच फरक. बाकी रक्त एक.

आणि मग ते दुसरे येतात,
गावोगावच्या पाकिटांतून, शपथांसकट.
काच: तिच्या कडा दोन वर्षांत झिजलेल्या, आत बुडबुडा.
मॉइसनाइट पक्का, सुईलाही चकवतो,
पण भिंगाखाली तिरका धरला
की मागच्या कडा दोन-दोन दिसतात,
जास्त झालेल्या माणसाला दिसाव्यात तशा.
क्युबिक झिरकोनिया दिसायला देखणा,
इंद्रधनुष्य जरा जास्तच उधळणारा,
तराजूत मात्र जड. सुई टेकवा,
दिवा गप्प.
त्याच्यात कार्बनचा कणही नाही.

गेल्या आठवड्यात आईचं बोट सुजलं.
अंगठी कापावी लागली.
बाबांनी आणलेली, वूझोऊहून, ट्रकच्या फेरीतून परतताना,
रुमालात बांधून. हिरा म्हणाले होते.
खडा सुटा झाला तो मी सवयीनं
सुईखाली धरला.

दिवा गप्प.

पुन्हा धरला. सुई पुसून धरली.
तराजूत टाकला. आकाराच्या मानानं जड.
जेवणाच्या सुट्टीत नूडल्स तशाच राहिल्या,
बाबा आता नाहीत, भांडायला तरी कुणाशी,
आणि जिच्या हातून हजारो खरे निघाले
तिला हे सांगायचं कसं.

संध्याकाळी सांगितलं. ती मिरच्या उलथत होती,
दाताळं थांबवलंसुद्धा नाही.
“पहिल्या रात्रीच कळलं होतं मला.
तोंडाची वाफ सोडून पाहिली.
हिऱ्यावर वाफ थांबत नाही, आली तशी उडते.
ह्याच्यावर राहिली. चार मोजेपर्यंत.”

मग बराच वेळ काही नाही. धूळ, एक ट्रॅक्टर.

“महिन्यातून दोन रात्री घरी असायचा तो.
मी रोज झोपताना ह्याच्यावर वाफ सोडायची.
घरात काहीतरी थांबणारं
असावं की.”

मी पावती तयार केलीच होती, कामाची सवय:
झिरकोनिया, रंगहीन, वजन,
शेवटच्या रकान्यात ‘नक्कल’.
तिनं चष्मा लावला, मिरचीचं बोट
त्या शब्दावर ठेवलं, डाग पडला.

“कशाची?” म्हणाली,
आणि राहिलेला अर्धा रस्ता
उलथायला गेली.